एका हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम: ६४ बाइट्सचा इतिहास

विज्ञान शाखेत पीएचडीला लागल्यावर बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो तो लॅबमधला आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप. त्यावर विंडोज असतं, कारण इन्स्ट्रुमेंटबरोबर आलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजवरच चालतं. आपल्याला मात्र लिनक्स हवं असतं, कारण ग्रोमॅक्स किंवा क्वांटम एस्प्रेसोसारखी पॅकेजेस तिथं सुखानं चालतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही. मग ठरलेला उपाय म्हणजे ड्युअल बूट, एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम.

इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या व्हिडिओत सहज सापडतात. अडचण येते ती आपल्या स्क्रीनवर व्हिडिओपेक्षा वेगळं काही दिसलं की. तिथं चुकीचं बटण दाबलं तर आपल्या सीनियरचा चार वर्षांचा डेटा जाऊ शकतो. म्हणून या पोस्टमध्ये पायऱ्या न सांगता त्या पायऱ्या तशा का आहेत, हे सांगतो. कारण माहीत असेल तर अनोळखी स्क्रीनसमोरही विचार करता येतो.

चार ओळींचा तक्ता

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. आयबीएमने त्यासाठी पीसी डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम असे तीन पर्याय जाहीर केले होते. दुसरी सिस्टिम हवी? फ्लॉपी बदला. भांडणाला जागाच नव्हती.

मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, सोबत १० एमबीची हार्ड डिस्क आणि डॉस २.०. आता डिस्क खोक्यात कायमची बसवलेली होती. ती सगळीच्या सगळी एका सिस्टिमला दिली, तर बाकीच्यांनी जायचं कुठं? म्हणून डिस्कचे भाग पाडायची सोय केली गेली, तेच पार्टिशन. कुठला भाग कुठं सुरू होतो याची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ठेवली. हाच मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर.

सेक्टर ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ बाइट्स एका छोट्या प्रोग्रामला, ६४ बाइट्स तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट्स खुणेला. तक्त्यातली एक नोंद १६ बाइट्सची, म्हणून नोंदी फक्त चार. १० एमबीच्या डिस्कला चार भाग म्हणजे चैनच होती!

आज जुन्या डेस्कटॉपवर अडतं ते बऱ्याचदा इथंच. चार भाग अपुरे पडायला लागल्यावर १९८७ च्या डॉस ३.३ ने एका भागाच्या पोटात आणखी भाग करायची सोय दिली: एक्स्टेंडेड पार्टिशन आणि त्यातली लॉजिकल पार्टिशन्स. लिनक्समध्ये अशा पार्टिशनचा क्रमांक थेट ५ पासून सुरू होतो, कारण १ ते ४ हे त्या मूळ चार ओळींसाठी राखलेले आहेत. विंडोज ७ च्या काळातल्या काही ब्रँडेड मशीनवर रिकव्हरी वगैरे धरून चारही ओळी कंपनीनेच भरलेल्या असतात. मग इन्स्टॉलर मोकळी जागा दाखवतो, पण ती वापरू देत नाही. अशा वेळी विंडोजमधूनच पाचवा भाग करायला गेलात, तर ते डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारतं. तिथं 'हो' म्हणू नका. डायनॅमिक डिस्क लिनक्सच्या बऱ्याच इन्स्टॉलरना नीट हाताळता येत नाही.

खुर्ची एकच

मशीन सुरू झालं की बायोस पहिला सेक्टर वाचतो आणि त्या ४४६ बाइट्सच्या प्रोग्रामच्या हाती कारभार देतो. खुर्ची एकच, आणि शेवटी जो इन्स्टॉल होईल तो तिच्यावर बसतो. विंडोजचा इन्स्टॉलर तिथं आधी कोण होतं हे विचारत नाही, आपला प्रोग्राम लिहून मोकळा होतो. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा नियम इथून आला.

लिनक्सचा तर जन्मच दुसऱ्या सिस्टिमच्या शेजारी झाला. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या सुरुवातीला ३८६ मशीन घेतलं आणि त्यावर मिनिक्स टाकलं. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने आपल्या छंदाच्या प्रकल्पाची बातमी दिली, तेव्हा काम मिनिक्सवरच चाललं होतं. पुढे मोडेमला द्यायची आज्ञा चुकून हार्ड डिस्ककडे गेली आणि मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. ते पुन्हा टाकण्याऐवजी त्याने लिनक्सवरच राहायचं ठरवलं. हा किस्सा त्याने स्वतःच्या आत्मकथनात सांगितला आहे. ज्याने सिस्टिम लिहिली त्याचंही पार्टिशन एका आज्ञेने गेलं, एवढं लक्षात ठेवा.

४४६ बाइट्समध्ये फाइल सिस्टिम वाचण्याइतकी अक्कल मावत नाही. वर्नर आल्मेसबर्गरच्या लिलो या बूटलोडरने यावर साधा तोडगा काढला. कर्नल डिस्कवर कुठल्या सेक्टर्समध्ये आहे, याची यादीच लिहून ठेवायची. कर्नल बदलला आणि यादी बदलायची राहिली, की मशीन सुरू होत नसे. शिवाय जुन्या बायोसला १,०२४ सिलिंडरच्या पलीकडचं वाचता येत नसे, म्हणून डिस्कच्या सुरुवातीला छोटं बूट पार्टिशन ठेवायची पद्धत पडली.

१९९५ मध्ये एरिक बोलेनने ग्रब लिहायला घेतला, आणि १९९९ पासून तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. ग्रब स्वतः फाइल सिस्टिम वाचतो. पण एवढा मोठा प्रोग्राम ठेवायचा कुठं? जुन्या रिवाजाप्रमाणे पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई, त्यामुळे मधले ६२ सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ केबी, मोकळे राहत. ग्रबने तिथं मुक्काम केला. गंमत अशी की परवाना तपासणारी काही विंडोज सॉफ्टवेअरही आपली खूण त्याच जागेत लिहीत. त्यामुळे विंडोजमध्ये एक महागडं पॅकेज उघडलं आणि दुसऱ्या दिवशी लिनक्स सुरूच होईना, असे प्रकार घडले.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर यूईएफआय आणि जीपीटी सर्वत्र पसरले. एमबीआरला ५१२ बाइट्सच्या सेक्टरवर २ टीबीच्या आसपास मर्यादा होती, ती गेली. चारच्या जागी सहसा १२८ नोंदी आल्या, आणि प्रत्येक सिस्टिमला बूट फाइलसाठी स्वतंत्र फोल्डर मिळालं. पण त्या सुमाराच्या अनेक मदरबोर्डवर जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती चालतात. विंडोज जुन्या पद्धतीने आणि लिनक्स नव्या पद्धतीने टाकलं, तर ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही. डेटा जागेवरच असतो, पण घाबरून फॉरमॅट करणारे असतात.

साडेपाच तासांचा घोळ

१९८४ च्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ आलं. डॉसने त्यात स्थानिक वेळ ठेवली आणि विंडोजने तीच प्रथा पाळली. युनिक्सच्या परंपरेत वाढलेलं लिनक्स मात्र सहसा जागतिक वेळ ठेवतं. म्हणून आपल्याकडे लिनक्सनंतर विंडोज सुरू केलं, की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. नेट असेल तर ते दुरुस्त होतं. इन्स्ट्रुमेंटचा पीसी नेटला जोडलेला नसेल, तर दुपारी ३ ला घेतलेल्या रीडिंगवर सकाळी ९.३० ची वेळ पडते. ती नोंद पुढे थीसिसमध्ये जाते, म्हणून दोन्हीकडची वेळ पहिल्याच दिवशी जुळवून घ्या.

मग करायचं काय?

- विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड बघा: लेगसी की यूईएफआय. लिनक्सचा पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने बूट करा.
- डिस्क एमबीआर आहे की जीपीटी ते बघा. एमबीआर असेल तर चारपैकी किती ओळी भरल्यात ते मोजा.
- डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि तिथून दोन-चार फाइल्स उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.
- मशीन लॅबचं आहे. गाइडना विचारल्याशिवाय हात लावू नका.

शक्य असेल तर सगळ्यात सुरक्षित मार्ग जुना डेस्कटॉपच देतो. त्याच्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा दुसऱ्या डिस्कला जागा असते. मशीन बंद करून विंडोजच्या डिस्कची केबल काढा, लिनक्स नव्या डिस्कवर टाका, मग पुन्हा मशीन बंद करून केबल जोडा. सिस्टिम कुठली हवी ते सुरू करताना बूट मेनूतून निवडा. एका डिस्कवर एकच सिस्टिम, म्हणजे १९८१ ची फ्लॉपीचीच पद्धत. चार ओळींचा तक्ता त्यात आडवा येतच नाही, आणि सीनियरचा डेटा असलेली डिस्क इन्स्टॉलरला दिसतही नाही.