दगडावरची शिवी

आपल्या जोह्यात गणपतीच्या कारखान्यात हात चालवणाऱ्या बायकांना ठाऊक आहे, की आकाराला अर्थ असतो. आज अशाच एका आकाराविषयी बोलू.

कोकणात देवळाच्या आवारात किंवा बांधावर कधी कधी एक उभा दगड दिसतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं आणि खाली गाढव आणि बाई. याला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी.

शिलाहार राजांच्या काळात देवाला, ब्राह्मणाला जमीन किंवा उत्पन्न दान दिलं, की असा दगड उभा करत. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात असेपर्यंत हे दान चालावं. आणि कुणी ते मोडलं तर? त्याच्या आईवर गाढव जाईल, ही धमकी. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चित्रातून कळावी. परळला सापडलेला राजा अपरादित्याचा लेख सुमारे 1187 सालचा. लेख संस्कृतात आहे, पण ही शिवी मात्र लोकांच्या मराठीत कोरली आहे.

आता विचार करा. दान मोडणार पुरुष आणि शिक्षा त्याच्या आईला! तिचा काय गुन्हा?

दूर स्कॉटलंडमध्ये पिक्ट नावाचे लोक होते. त्यांनीही दगड कोरले. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या एका दगडावर शिकारीच्या देखाव्यात घोड्यावर बसलेली बाई आहे, जवळ आरसा आणि फणी. ती कोण, हे कुणाला सांगता येत नाही. पण तिथे बाई मानाने बसली आहे. म्हणजे दगडावर बाईला कुठे बसवायचं, हे कोरून घेणारा ठरवत असे.

म्हणून हे दगड फोडायचे का? नाही. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. अशा दगडांतूनच आपली भाषा आणि गावाचा इतिहास कळतो. असा दगड दिसला तर त्याला शेंदूर, ऑइलपेंट लावू नका, अक्षरं बुजतात. पायरीला वापरू देऊ नका. ग्रामपंचायतीला सांगा, फोटो काढून ठेवा.

दगड जपायचा, शिवी नाही. आजही दोन पुरुषांच्या भांडणात आई-बहीण निघतेच. आपल्या अंगणात, आपल्या मुलांच्या तोंडी ती येऊ द्यायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.