निरीक्षणातून प्राणिचित्रण

पाच-सहा वर्षांच्या मुलाला गाय काढायला सांगितली, की धड बाजूने दिसते, चेहरा मात्र समोरून आणि पुष्कळदा माणसाचा. चारही पाय एका ओळीत उभे. ही चूक नव्हे. या वयातील मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. निरीक्षणातून चित्रण शिकवणे म्हणजे ठाऊक असलेले आणि समोर दिसणारे यांतील फरक मुलाला स्वतःहून कळू देणे. दोनच्या अंकापासून बदक काढायला शिकवले, तर बदक लवकर जमते. पण मग मूल तळ्यातल्या बदकाकडे पाहतच नाही.

पाहून रेखाटण्याचा एक जुना धडा अंबरनाथमध्येच आहे. इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराची रेखाटने व साचे १८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या मंडळींकडून करून घेतले होते. वालधुनीकाठच्या या मंदिरातील नंदी मुलांना सुरुवातीस सोयीचा, कारण तो हलत नाही. मात्र दगडातला प्राणी शिल्पकाराने आधीच सोपा करून ठेवलेला असतो. म्हणून तेथे फार काळ रेंगाळू नये.

जिवंत नमुन्यांची या पट्ट्यात वाण नाही. उल्हासनगरच्या दाट वस्तीत कावळे, कबुतरे, मांजरे, दुकानाच्या पायरीशी झोपलेला कुत्रा. बदलापूरच्या बाहेर शेते लागली, की म्हशी आणि त्यांच्यामागून फिरणारे गायबगळे. झोपलेला किंवा रवंथ करणारा प्राणी पहिल्या धड्यास उत्तम.

आधी पाच मिनिटे पेन्सिल खाली ठेवून नुसते पाहावे. शिक्षकाने उत्तर न देता प्रश्न विचारावेत. शेळीची शेपटी वर आहे की खाली? तिच्या डोळ्यातील बाहुली उभी की आडवी? (आडवी असते, मुलांना याचे फार नवल वाटते.) म्हशीचे कान शिंगांच्या वर की खाली? मागच्या पायाचा 'उलटा गुडघा' सर्वांनाच फसवतो. तो गुडघा नसून घोटा असतो, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. मुलाला चवड्यांवर उभे करून स्वतःची टाच दाखवली, की ही गोष्ट शब्दांवाचून समजते.

यानंतर मऊ, म्हणजे ४बी किंवा ६बी पेन्सिल द्यावी आणि खोडरबर काढून घ्यावे. आधी धडाचा मोठा अंडाकार, मग मान, पाय. केस, ठिपके शेवटी. प्राणी हलला, की चित्र तसेच अर्धवट सोडून त्याच कागदावर दुसरे सुरू करावे. प्राणी बहुधा पूर्वीच्या स्थितीत परततो, तेव्हा पहिल्या चित्राकडे पुन्हा वळता येते. एका कागदावर सहा अपुऱ्या शेळ्या असणे हे चांगल्या तासाचे लक्षण समजावे. पालकांना मात्र एकच पूर्ण, रंगवलेली शेळी हवी असते, आणि येथेच बहुतेक वर्ग बिघडतात. मुलाच्या रेषेवर मोठ्यांनी आपली रेषा ओढली, की पुढच्या वेळी मूल प्राण्याकडे न पाहता मोठ्यांकडे पाहू लागते.

भटक्या कुत्र्यांपासून अंतर ठेवूनच बसावे, पिलांजवळ तर जाऊच नये. आणि चित्रासाठी कोणत्याही पक्ष्याला बांधून वा कोंडून ठेवू नये. घाबरलेला पक्षी अंग आक्रसून बसतो, त्याचा खरा आकार तेव्हा दिसतच नाही.