बारा कमान : धन्याच्या विलंबाचे मोल

देवालयाचा जीर्णोद्धार हाती घेणाऱ्या गावकऱ्यांनी अक्कलकोटच्या नैर्ऋत्येस असलेल्या विजापूरची बारा कमान एकदा अवश्य पाहावी. इ. स. १६५६ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या अली आदिलशहाने वडिलांच्या गोल घुमटाहूनही भव्य अशी स्वतःची कबर योजिली. वडिलांनी राज्यारोहणानंतर लवकरच काम काढून सुमारे तीस वर्षे ते चालू ठेविले होते; तरी त्यांच्या मृत्यूसमयी गिलावा राहिलाच. अलीला तेवढी स्वस्थता कोठली? १६५९ साली अफझलखान पडला, १६६५-६६ मध्ये मिर्झाराजा जयसिंग चालून आला. अशा वेळी खजिना फौजेकडेच वळावयाचा. १६७२ मध्ये अली निवर्तला व १६८६ मध्ये राज्यच बुडाले.

यात पाथरवटांचा काय दोष? दगड घडीव, कमानी डौलदार. धनीच उरला नाही. काम थांबले म्हणजे खर्च थांबतो, हा समज खोटा. बसून राहिलेल्या कारागिरांची मजुरी चढते, छप्पर नसलेल्या बांधकामाच्या सांध्यांत पाऊस मुरतो, आणि पांगलेले हात पुन्हा जमविणे तर त्याहून कठीण.

त्या छपराविना कमानींमध्ये अलीची कबर आजही उघड्या आभाळाखाली आहे.