माशाच्या अंगावर रव्यासारखे ठिपके? ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका

बाजाराच्या दिवशी पाण्याच्या पिशवीतून दोन-चार गोल्डफिश किंवा मॉली घरी येतात आणि पोरं ती पिशवी थेट टाकीत ओततात. चार-पाच दिवसांनी एखादा मासा दगडाला अंग घासायला लागतो, पर मिटून कोपऱ्यात थांबतो आणि अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. याला व्हाइट स्पॉट म्हणतात. दुकानदार त्यालाच ‘इक’ म्हणतो. थंडीत, विशेषतः रात्री लाइट जाऊन हीटर बंद पडतो आणि पाणी एकदम गार होतं तेव्हा, हा जास्त दिसतो.

(फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक दाणे असतील, मासा नीट खात-पोहत असेल, तर घाबरू नका. विणीच्या काळात नर गोल्डफिशला असे दाणे येतातच.)

औषध लागू का पडत नाही?

हा एकपेशीय परजीवी आहे, नाव इक्थिऑफ्थिरियस. तो माशाच्या कातडीच्या आत बसतो, त्यामुळे पाण्यातलं औषध तिथवर पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाच्या खडीत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत त्याची शेकडो पिल्लं तयार होतात. ही पिल्लं बाहेर पडून मासा शोधत फिरतात. दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. मीठ असो की औषध, मार बसतो तो याच फिरणाऱ्या पिल्लांना.

म्हणजे ठिपके गेले, तर रोग गेला असं नाही. तो नुसता माशावरून उतरून तळाला गेलेला असू शकतो. इथेच लोक औषध बंद करतात, आणि आठवड्याभरात दुप्पट ठिपके घेऊन तो परत येतो. मग दोष दुकानदाराला!

काय करायचं

पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश असं ३० अंशांपर्यंत न्या. गरम पाण्यात परजीवीचं चक्र लवकर फिरतं, म्हणून तो लवकर औषधाच्या तावडीत येतो. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. हीटर नसेल तर उपचार जास्त दिवस चालवावे लागतील.

मीठ साधं खडे मीठ घ्या, लिटरला २ ग्रॅम. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत खडी वगळून साधारण ४५ लिटर पाणी बसतं, म्हणजे ९० ग्रॅम. ते मगात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा टाका. मीठ उडून जात नाही, म्हणून पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ घाला. टाकीत कॅटफिश किंवा लोच असतील तर निम्म्यानेच सुरुवात करा, त्यांना मीठ सोसत नाही. पाणवनस्पतीही खराब होतात.

एक दिवसाआड नळीने तळातली घाण ओढून पाव हिस्सा पाणी बदला, कवचातले परजीवी त्याबरोबर निघतात. सगळं पाणी एकदम बदलू नका. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल असते, ते दिवसभर उघडं ठेवूनच वापरा.

दुकानातल्या औषधात बहुतेक मॅलाकाइट ग्रीन असतं. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच, फिल्टरमधला कोळसा काढून, हातमोजे घालून. शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवा. हे औषध खाण्याच्या माशांना वापरायला मनाई आहे, शेततळ्यात चुकूनही टाकू नका.

डोळ्यांना दिसणारे परजीवी

चपटी, गोल, सरकणारी टिकली दिसली तर ती माशांची ऊ, अर्ग्युलस. मासा ओल्या कापडात धरून चिमट्याने काढा. तिची अंडी काचेला आणि दगडांना चिकटलेली असतात, आठवड्यांनीही फुटतात. म्हणून काच-दगड खरवडून घ्या आणि महिनाभर रोज मासे बघत राहा. अंगातून दोरा लोंबत असेल तर तो अँकर वर्म. कातडीच्या अगदी जवळ धरून हळू ओढा, नाहीतर तोंड आत तुटून राहतं आणि जखम चिघळते.

नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत किंवा टबात ठेवा, त्याची जाळीही वेगळी. आणि आजारी टाकीचं पाणी किंवा नको झालेले गोल्डफिश शेततळ्यात, विहिरीत, ओढ्यात सोडू नका. ऊ आणि अँकर वर्म रोहू-कटल्यालाही धरतात, आणि तिथे चिमट्याने काढायला मासे दोन-चार नसतात. ते पाणी शोषखड्ड्यात ओता, जाळी कडक उन्हात वाळवा.