जलमार्ग-प्रथिन आणि देव्हिकची व्याधी

इ. स. १८९४ मध्ये लिआँ येथील वैद्य यूजेन देव्हिक यांनी दृष्टितंत्रिका व मेरुरज्जू या दोहोंस ग्रासणाऱ्या व्याधीचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ ती मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार मानली गेली. १९९२ मध्ये पीटर ॲग्रे प्रभृतींनी तांबड्या रक्तपेशींच्या पटलातील एक प्रथिन पाण्याचा मार्ग असल्याचे सिद्ध केले. त्याच कुळातील ॲक्वापोरिन-४ मेंदूतील तारकापेशींच्या, रक्तवाहिन्यांस बिलगलेल्या टोकांशी दाटलेले आढळले. २००४ मध्ये व्हांडा लेनन प्रभृतींना देव्हिकच्या व्याधीतील रुग्णांच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंड सापडले. त्यांचे लक्ष्य हेच प्रथिन, हे २००५ मध्ये निश्चित झाले. हा भेद केवळ नावाचा नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिसवर उपयुक्त ठरलेले इंटरफेरॉन-बीटा या व्याधीत अपाय करू शकते. निदानातील चूक येथे रुग्णाची दृष्टीच हिरावू शकते.