मधूनच उद्भवणारा दोष : मोटारीच्या उष्णतामापनाविषयी एक टिपण

यंत्रातील दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. एक सतत उपस्थित असणारा; दुसरा, गाडी कारागिरापुढे उभी राहताच नाहीसा होणारा. या दुसऱ्या वर्गाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे म्हटले तर नवल वाटेल. परंतु घडून गेलेल्या आणि मागणीबरहुकूम पुन्हा न घडणाऱ्या गोष्टीचा शोध उरलेल्या खुणांवरून घेणे, हे काम मिस्त्री व इतिहासकार या दोघांच्याही वाट्याला येते. कूलंटचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा अनियमित दोष हे त्याचे बोलके उदाहरण होय.

प्रारंभी तापमान सांगणारे साधनच नव्हते. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) मध्ये तापलेले पाणी आपोआप वर चढे व रेडिएटरमध्ये निवून खाली येई. वाफ दिसली म्हणजे गाडी तापली, एवढेच निदान. पुढे १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉइस याने रेडिएटरच्या झाकणावर बसणारा उष्णतामापक काढला. चालकाला तो काचेतून दिसे. मात्र तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील वाफेचे व हवेचे तापमान दाखवी. म्हणजे साधन खरे बोलत असूनही ते नेमके कशाविषयी बोलत आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे.

विद्युत्-संवेदकाची मुळे याहून जुनी आहेत. उष्णतेने सिल्व्हर सल्फाइडचा विद्युद्रोध कमी होतो, हे फॅरडेने १८३३ मध्ये नोंदविले. त्या तत्त्वावरील ‘थर्मिस्टर’ सॅम्युएल रूबेन याने १९३० मध्ये सिद्ध केला. मोटारीत त्याला खरे महत्त्व आले ते बॉशच्या इलेक्ट्रॉनिक इंधन-पद्धतीने. १९६७ मध्ये ती ज्या ‘फोक्सवॅगन १६००’ वर प्रथम आली, तिच्या एंजिनात पाणीच नव्हते. ते हवेने थंड होई व संवेदक सिलिंडरच्या माथ्यावर बसविलेला असे! येथे एक मूलगामी बदल झाला. तोवर तापमानाचा आकडा माणसाला माहिती देत होता; आता तो एंजिनाला किती पेट्रोल मिळावे हे ठरवू लागला.

हा बदल आपल्याकडील जंगलांत पोहोचला तो प्रामुख्याने जिप्सीच्या रूपाने. १९८५ मध्ये आलेली ही गाडी प्रथम कार्ब्युरेटरवर चाले. पुढे तिला संगणक-नियंत्रित इंधनपुरवठा मिळाला. ताडोब्यातील पर्यटकांना ती चांगलीच परिचित आहे. सर्वसाधारण संवेदकाचा रोध २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. तार तुटली की रोध अनंत होतो आणि संगणक त्याचा अर्थ लावतो : उणे ४० अंश! चंद्रपुरात मे २०१९ मध्ये पारा ४७ च्या वर गेला होता. अशा उन्हात संगणक एंजिन गोठले आहे असे समजून वाजवीपेक्षा अधिक पेट्रोल सोडतो. प्लग काजळतात, आणि तापलेले एंजिन एकदा बंद केले की पुन्हा सुरू होत नाही. दोष सिद्ध झाल्यास संगणक स्वतः एक गृहीत तापमान धरून काम चालवितो हे खरे. पण क्षणभराचा खंड कित्येकदा त्याच्या नोंदीत येण्याआधीच संपतो. आलापल्लीपलीकडे, भामरागडच्या वाटेवर रुग्ण घेऊन निघालेल्या गाडीला हा क्षण महाग पडू शकतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे तो भाग आधीच तुटलेला असतो.

संगणकाची नोंद हा येथील दस्तऐवज. ‘पी ०११७’ म्हणजे विद्युद्दाब फार कमी, ‘पी ०११८’ म्हणजे फार अधिक, ‘पी ०११९’ म्हणजे मंडल मधूनच खंडित. हे तिन्ही संकेत मंडलाविषयी बोलतात, संवेदकाविषयी नव्हे. तरीही पुष्कळ ठिकाणी प्रथम संवेदकच बदलला जातो, आणि विशेष हे की गाडी काही दिवस सुरळीत चालतेही! कारण सोपे आहे. संवेदक बदलताना जोडणीचा प्लग काढून पुन्हा बसविला जातो. त्या घर्षणाने टोकांवरील गंज खरवडला जातो. उपाय लागू पडला, म्हणून निदान खरे, हा भ्रम अशा वेळी पक्का होतो. आमच्या मते या दोषाच्या इतिहासातील सर्वांत फसवा पुरावा हाच.

खरी परीक्षा पहाटे करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचा आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा जवळजवळ सारखाच आला पाहिजे. नंतर एंजिन चालू ठेवून आकडा पाहत तारा हळूहळू हलवाव्यात. उंदराने कुरतडलेली किंवा धक्क्यांनी आतून तुटलेली तार बहुधा येथेच सापडते. पुढच्या फळीवरील काटा स्थिर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. अनेक गाड्यांत काट्याचा संवेदक निराळा असतो. आणखी एक खूण निर्णायक मानावी. पाणी एका क्षणात ४० अंशांनी निवू शकत नाही. आकड्याने तशी उडी घेतली तर दोष विजेचाच. उलट आकडा सावकाश वर-खाली होत असेल, तर कूलंटची पातळी, आत अडकलेली हवा व थर्मोस्टॅट यांकडे वळावे. कूलंट कमी होऊन संवेदकाचे टोक उघडे पडले, तर तो बॉइसच्या मापकाप्रमाणे वाफेचे तापमान सांगतो, आणि ते अगदी प्रामाणिकपणे सांगतो.