दवाखाना गाठण्यापूर्वी

मेहकर किंवा सिंदखेडराजाकडच्या एखाद्या शिवारात काम करताकरता कोणी अचानक कोसळला, तर आपण काय करतो? आधी गाडी शोधतो. दवाखान्यात पोचला म्हणजे सुटला, असे आपण मानतो. पण पोचेपर्यंतच्या वेळाचे काय? या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले की, बंद पडलेल्या हृदयाचे काम छाती बाहेरून दाबूनही काही काळ चालविता येते. गंमत पहा, कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हेत, विजेचे इंजिनियर!

पुढे बेलफास्टच्या डॉ. पँट्रिज यांना दिसले की, हृदयविकाराचे पुष्कळ रोगी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. रोगी येऊ शकत नाही, तर आपणच जावे! १९६६ च्या जानेवारीत त्यांची गाडी निघाली. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र तीत मोटारीच्या बॅटऱ्यांवर चाले. पंधरा महिन्यांत ३१२ रोगी आणले. वाटेत एकही दगावला नाही.

तुम्ही म्हणाल, हे विलायतेचे झाले. तर मग आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीला चला. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकविले: श्वास न घेणारे बाळ कसे सावरावे, जंतुदोष कसा ओळखावा, सुई कशी द्यावी. १९९५ ते १९९८ या काळात अशी ३९ गावे दुसऱ्या ४७ गावांशी ताडून पाहिली. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची, डॉक्टर बरोबर असलेली गाडी धावते आहे. पण रस्ता तुडवायला तिलाही वेळ लागतोच. तो वेळ आपला. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वासही नीट नाही, असे दिसले की १०८ ला फोन लावावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोराने दाबत रहावे.

गुरुजींना एवढीच विनंती, की जाणत्या माणसाला बोलावून हा धडा वरच्या वर्गांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावा.